मामांच्या डोक्याचं माप

आमच्या प्राणिशास्त्र विभागात सांगाडे जोडायचं काम एकच माणूस करायचा. हुद्द्यानं तो लॅब अटेंडंट होता, पण सगळं कॉलेज त्याला मामा म्हणायचं. मेलेलं घुबड द्या, मुंगूस द्या, माकड द्या, मामा ते मागच्या अंगणात मातीत पुरायचे. काही महिन्यांनी उकरायचे, हाडं धुऊन वाळवायचे आणि बारीक तारेनं अशी जोडायचे की वाटावं, हा प्राणी आत्ता उडी मारून खिडकीबाहेर जाईल. हाडांची ओळख त्यांना कॉलेजात झालेली नव्हती. निजामाच्या काळात त्यांचे वडील गावात मेलेली जनावरं ओढायचे. विहिरीवर त्यांना पाणी नव्हतं, देवळाची पायरी नव्हती, फक्त मेलेला बैल त्यांचा होता. पोलीस ॲक्शननंतर मामा शहरात आले, कॉलेजच्या बांधकामावर दगड वाहिले आणि इमारत उभी राहिल्यावर तिथंच शिपाई म्हणून राहिले. एका दुपारी बैलाची कवटी साफ करणाऱ्याला एक हाड ओळखू येईना, ते मामांनी ओळखलं. तेव्हापासून ते आमच्या विभागात होते.

मी करमाडची. घरची शेती होती आणि आमच्या भावकीत पोरी सातवीच्या पुढं शिकत नव्हत्या. मी बी.एस्सी. झाले तेव्हा वडिलांनी स्थळं बघायला सुरुवात केली. तेवढ्यात आमचे विभागप्रमुख एसटीनं करमाडला आले. त्यांना मी आयुष्यभर सर म्हणत आले, इथंही सरच म्हणते. भर उन्हात फाट्यावरून चालत आले होते, पांढऱ्या सदऱ्याला धूळ लागलेली. वडिलांना म्हणाले, "पाटील, मुलगी हुशार आहे. तिला अजून दोन वर्षं द्या, पुढचं मी बघतो." वडील उर्दूत शिकलेले, शिकलेल्या माणसापुढं आवाज न चढवणारे. त्यांनी दोन वर्षं दिली. मी एम.एस्सी. झाले आणि सरांनी मला विभागात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लावून घेतलं. त्या दिवसापासून पुढचं माझं सगळं आयुष्य त्यांनी मला दिलेलं आहे, हे मी आजही नाकारत नाही. पुढं जे सांगणार आहे त्याच्या आधी हे सांगणं भाग आहे.

सर मूळचे इथले नव्हते. पोलीस ॲक्शननंतर आपल्याकडं कॉलेजं निघाली, पण शास्त्र शिकवायला माणसं मिळेनात. तेव्हा चांगली नोकरी सोडून ते औरंगाबादला आले. त्या वेळी शहराचं नाव औरंगाबादच होतं. उत्क्रांती शिकवायला लागले की शेजारच्या वर्गातली पोरं येऊन मागं उभी राहायची. पाण्यातला मासा जमिनीवर कसा आला, पंजाचा पंख कसा झाला, सर हातवारे करून सांगायचे आणि आपण डोळ्यांनी बघतोय असं वाटायचं.

त्या तासाला मामा दाराशी उभे राहायचे. हातात फडकं असायचं, म्हणजे कुणी विचारलं तर पुसायला आलो म्हणता यावं. वर्षानुवर्षं त्यांनी तो तास ऐकला होता. नंतर चहाच्या वेळी ते मला म्हणायचे, "बाई, एवढी मोठी गोष्ट हाय ही, अन् लोक परीक्षेपुरती वाचत्यात." त्यांना त्यातलं एकच वाक्य पुरेसं होतं. सगळी माणसं एकाच आईच्या पोटची. वस्तीत ते हे समजावून सांगायचे. "पुस्तकात लिव्हलंय, सगळ्यांची आजी एकच. मग बाटायचं कुणी कुणाला?" गावाकडच्या एका लग्नात त्यांनी हे बोलून दाखवलं होतं आणि त्यावरून मार खाता खाता वाचले होते. ते सांगतानाही हसायचे. पुस्तक आपल्या बाजूनं आहे, असं त्यांना वाटायचं.

मी नोकरीला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी विभागात सुदानचा एक विद्यार्थी आला. आफ्रिकेतली, अरबस्तानातली बरीच मुलं तेव्हा आपल्याकडं शिकायला यायची. हा उस्मानपुऱ्यात एका मुसलमान कुटुंबाच्या माडीवर राहायचा. घरमालकीण त्याला लेकासारखं जेवायला घालायची, पण रस्त्यावर तसं नव्हतं. पोरं सायकलच्या मागं धावायची, "हबशी, हबशी" ओरडायची. बसमध्ये त्याच्या शेजारची जागा रिकामी राहायची. वर्गात कुणी त्याला तोंडावर काही म्हणत नव्हतं, पण सरांनी फळ्यावर माकडाचं चित्र काढलं की मागच्या बाकांवरून हसू यायचं आणि सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळायच्या. तो वहीत बघत राहायचा. त्याच्या घरी गुरंढोरं होती आणि त्याला जनावरांचा डॉक्टर व्हायचं होतं.

त्याची आणि मामांची ओळख हाडांवरून झाली. त्याला उंटाचा सांगाडा माहीत होता, मामांनी उंट कधी जोडला नव्हता. दुपारच्या सुट्टीत दोघं मागच्या पायरीवर बसून बोलायचे. मामांची दखनी, त्याची मोडकी उर्दू. एकदा मी पाण्यासाठी तिकडं गेले तेव्हा मामा त्याला सांगत होते, "तुमकू हबशी बोलते ना? बोलने दो. ये शहर किसने बसाया मालूम? हबशीनेच बसाया. गुलाम बोलके बाजार में बेचा था उसकू. वो यहाँ आके वजीर हुआ, ये नहर का पानी उसने लाया. आजबी लोगां पीते."

त्याला ते खरं वाटेना. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, खरं आहे, आम्हांला शाळेत शिकवतात. पुढच्या रविवारी मामा त्याला घेऊन गेले आणि डोंगराकडून येणारी ती जुनी नहर, तिचे उंच मनोरे, पाणचक्कीचा हौद, सगळं पायी फिरून दाखवलं. सोमवारी तो वर्गात आला तो ताठ मानेनं. त्या आठवड्यात त्यानं पहिल्यांदा सरांना शंका विचारली.

सर त्या हिवाळ्यात एक लेख लिहीत होते. विषय होता माणसाच्या प्रगतीच्या पायऱ्या. त्यांच्याकडं विलायतेत छापलेलं एक जुनं पुस्तक होतं. त्यात मोठं चित्र होतं. खाली माकड, त्याच्या वर आफ्रिकेतला माणूस, मग आणखी कुणी कुणी, आणि सगळ्यांत वर गोरा माणूस. सर म्हणायचे, "आपल्या देशाला यात जागा नाही दिलेली. आपली जागा आपण शोधली पाहिजे." आपली म्हणजे कुणाकुणाची, हे मला तेव्हा विचारावंसं वाटलं नाही. त्या पुस्तकात डोक्याची लांबी, रुंदी आणि उंची मोजून आतल्या मेंदूचा अंदाज काढायचं एक सूत्र होतं. सरांनी लोखंडी कॅलिपर मागवला. मोठ्या चिमट्यासारखं ते मापाचं यंत्र होतं, दोन वाकडी टोकं डोक्याच्या दोन्ही बाजूंना टेकवायची आणि मधल्या पट्टीवर आकडा वाचायचा.

एका प्रॅक्टिकलला ते म्हणाले, "आज आपण कवटी नाही मोजणार, जिवंत माणूस मोजू." मी माप घ्यायचं, आकडा मोठ्यानं वाचायचा आणि फळ्यावर लिहायचा, असं ठरलं.

आधी सरांनी स्वतःचं डोकं मोजून घेतलं. मग त्यांनी कॅलिपर हातात घेतला आणि माझं मोजलं. आकडा बघून म्हणाले, "बघा, शेतकरी घराण्यातली मुलगी. पण माप उत्तम. योग्य संधी मिळाली की वर येणारी ही पायरी." पोरांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली बघितलं, पण मला आतून बरं वाटलं होतं. हे मी इतक्या वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या खाली कुणीतरी असणार म्हणूनच मी वर होते, हे मला कळत होतं, आणि तरी बरं वाटलं होतं.

मग सरांनी सुदानच्या मुलाला पुढं बोलावलं. तो उठला नाही. सर हसून म्हणाले, "अरे, शास्त्राला कसली लाज? शास्त्र सगळ्यांना सारखं." तो आला आणि स्टुलावर बसला. मी त्याच्या डोक्याला कॅलिपर लावला. लोखंड थंड होतं, त्यानं डोळे मिटून घेतले. मी आकडा वाचला आणि लिहिला. सर मुलांकडं वळून सांगू लागले की त्याचा जबडा पाहा, नाकाचा पसरटपणा पाहा, निसर्गानं प्रत्येक पायरीच्या खुणा ठेवलेल्या असतात, काही वंश लवकर पुढं निघाले, काही वाटेत थांबले. ते हे चिडून बोलत नव्हते, हिणवायला बोलत नव्हते. माशाचे कल्ले दाखवावेत तसं दाखवत होते.

तो स्टुलावरूनच म्हणाला, "सर, इस शहर में पानी कौन लाया?"

सरांना प्रश्न कळला. ते म्हणाले, "अपवाद असतात. अपवादानं नियम बदलत नाही." आणि दाराकडं बघून त्यांनी हाक मारली, "मामा, या इकडं."

मामा नेहमीसारखे दाराशी उभे होते. त्यांना वाटलं, काही आणायचं आहे. ते फडकं खांद्यावर टाकून आत आले. सरांनी त्या मुलाला बाकावर परत पाठवलं आणि मामांना स्टुलावर बसवलं. मामा माझ्याकडं बघून हसले. आपल्यालाही वर्गात घेतलं याचं ते हसू होतं, असं मला वाटतं.

मी टोपी काढायला सांगितली. डोकं जवळजवळ टक्कल पडलेलं, माप घ्यायला सोपं. मी लांबी घेतली, रुंदी घेतली, उंची घेतली. आकडे वाचले, सूत्रात घातले आणि फळ्यावर उत्तर लिहिलं. ते सगळ्यांत मोठं होतं. माझ्यापेक्षा मोठं, सरांपेक्षाही मोठं.

"पुन्हा घे," सर म्हणाले. "चुकलं असेल."

मी पुन्हा घेतलं. तेच आलं. मागून कुणीतरी हसलं. सर फळ्यापाशी आले. मग म्हणाले, "बरोबर. एक गोष्ट राहिली. या लोकांत कवटीचं हाड जाड असतं. मेंदू आत असतो, हाडात नसतो. तेवढं वजा करायला हवं." किती वजा करायचं तेही त्यांनीच सांगितलं.

"या लोकांत" म्हणजे कोणत्या, हे वर्गात सगळ्यांना कळलं. मामांनाही कळलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच होतं, फक्त ते कशासाठी आहे हे त्यांना आता आठवत नसावं, तसं ते दिसत होतं.

मामांचं हाड कुणी मोजलेलं नव्हतं. जिवंत माणसाचं हाड आमच्या त्या कॅलिपरनं मोजताही येत नव्हतं. हे मला माहीत होतं. एम.एस्सी. झालेल्या मुलीला एवढं माहीत असतं. मी डस्टर घेतला, आकडा पुसला, वजाबाकी केली आणि नवा आकडा लिहिला. तो सुदानच्या मुलाच्या आकड्याच्या जवळ आला, सरांच्या आणि माझ्या खाली.

"सर," तो मुलगा बाकावरून म्हणाला, "आपका हड्डी कितना कम किया?"

या वेळी कुणी हसलं नाही. सर म्हणाले, "खाली बस." तो बसलेलाच होता. तो उठला, वही घेतली आणि निघून गेला. मामा स्टुलावरून उठले, टोपी घातली, स्टूल उचलून जागेवर ठेवलं आणि मागच्या दारानं बाहेर गेले. सरांनी तास पुरा केला.

सुटल्यावर तो मुलगा मला सायकल स्टँडपाशी भेटला. तो रागावलेला असेल असं मला वाटलं होतं. तो हळू आवाजात बोलला. म्हणाला, "मॅडम, सर को मालूम नहीं था शायद. वो मानते हैं ये सब. आपको मालूम था."

मी काहीतरी पुटपुटले. सर मोठे आहेत, त्यांच्यापुढं कसं बोलणार, असंच काहीतरी. त्यानं ऐकून घेतलं, मान हलवली आणि सायकल काढली. पंधरा दिवसांनी त्याचं नाव विभागाच्या पटावरून कमी झालं. त्यानं दुसऱ्या कॉलेजात वाणिज्य शाखेत नाव घातल्याचं कळलं. एकदोनदा तो मला शहागंजात दिसला. एकदा त्यानं सलाम केला, एकदा बघून न बघितल्यासारखं केलं. पुढं तो मायदेशी परतला. जनावरांचा डॉक्टर तो झाला नाही.

मामा दुसऱ्या दिवशी वेळेवर आले. बरण्या पुसल्या, फॉर्मॅलिन भरलं, बेडूक काढून ठेवले. वागण्यात काही फरक नव्हता. पण सरांचा उत्क्रांतीचा तास सुरू झाला आणि दारात कुणी नव्हतं. मी मागं जाऊन पाहिलं. मामा हौदापाशी बसून धुतलेल्याच बरण्या पुन्हा धूत होते. मी त्यांच्याजवळ जाऊ शकले असते. वीस पावलांवर होते. मी परत वर्गात आले.

त्यानंतर ते कधीच दाराशी उभे राहिले नाहीत.

उन्हाळ्यात ते एक दिवस माझ्या टेबलाशी आले. त्यांची मुलगी आमच्याच कॉलेजात अकरावीला शास्त्र शाखेत होती. लांब वेणीची, कमी बोलणारी मुलगी. मामा म्हणाले, "बाई, आर्टला बदलून घ्यायचा फारम कुठं भेटंल?"

"का? मुलगी चांगली आहे की."

"नाय जमत तिला." ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "उगं जीव काढायचा लेकराचा. जे आपल्यात नायच ते कुठून आणायचं?"

काय बोलायचं ते मला ठाऊक होतं. पण ते बोलायचं तर त्या फळ्यापाशी जावं लागणार होतं, वजाबाकीपाशी जावं लागणार होतं, आणि सर शेजारच्याच खोलीत बसलेले होते. मी म्हणाले, "ऑफिसात मिळेल. खिडकी नंबर दोन." मामांनी मान डोलावली आणि ते गेले.

पुढच्या पावसाळ्यात मराठवाड्यात वस्त्या जळाल्या. विद्यापीठाच्या नामांतरावरून जळाल्या, ते इथं सगळ्यांना ठाऊक आहे. मामांच्या भावाचं गावाकडचं घर त्यात गेलं. मामा आठ दिवस कामावर आले नाहीत. ते परत आले त्या दिवशी सर स्वतः उठून त्यांच्याकडं गेले. सरांचे डोळे भरून आले होते. म्हणाले, "फार वाईट झालं, मामा. माणसं जनावरांसारखी वागली." त्यांनी भावाच्या मुलांसाठी कपडे आणून दिले, धान्य दिलं. ते खरंच दुःखी होते, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आताही नाही. आपण वर्गात जी शिडी उभी केली होती, तिचा आणि त्या जळालेल्या छपराचा काही संबंध असेल, असं त्यांच्या मनातही आलं नसावं. माझ्या मनात आलं होतं. मामांनी कपडे घेतले, हात जोडले.

सरांचा लेख कॉलेजच्या वार्षिक अंकात छापून आला. त्यात माझे आभार मानलेले होते.

सर निवृत्त झाले, नंतर काही वर्षांनी गेले. त्यांच्या अंत्यविधीला मी रडले, आणि ते रडणं खरं होतं. मामा त्यांच्या आधी निवृत्त झाले होते. मी वर्ग घेऊ लागले, उत्क्रांती माझ्याकडं आली. तोपर्यंत मी पुष्कळ वाचलं होतं. खरं म्हणजे नवं असं फार काही कळलं नव्हतं. डोक्याच्या आकारावरून बुद्धी ठरत नाही, उत्क्रांतीला शिडी नसते, आज जगात असलेला कुठलाही माणूस दुसऱ्या माणसाची मागची पायरी नसतो, आपण सगळे सारखाच लांबचा रस्ता चालून आलो आहोत, हे त्या हिवाळ्यातही छापलेलं होतं. आमच्याच लायब्ररीत होतं. मी दरवर्षी ते नीट शिकवायचे. मुलं मान डोलवायची. पण ते ऐकून घेण्याचा ज्याचा हक्क होता, त्याला मी कधी सांगितलेलं नव्हतं.

मी त्यांच्याकडं गेले तेव्हा मामा निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली होती. आजारी आहेत असं ऑफिसातल्या एका जुन्या क्लार्ककडून कळलं, आणि मी ठरवलं की आता नाही गेलं तर कधीच जाणं होणार नाही. भावसिंगपुऱ्याकडं त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. दुपारची वेळ. दाराशी शिलाई मशीन, त्यावर एक बाई शिवत होती. केस पांढरे व्हायला लागलेले. मी ओळखलं नाही, तिनं मला ओळखलं. "या, मॅडम," म्हणाली. ती मामांची मुलगी होती.

मामा खाटेवर होते. अंगानं फार उतरले होते, पण नजर साफ होती. "बाई आल्या," म्हणाले. "घुबड हाय का अजून कपाटात? माझं?"

"आहे. मुलं अजून त्याचं चित्र काढतात."

ते खूश झाले. आम्ही सांगाड्यांबद्दल बोललो, कॉलेजच्या नव्या इमारतीबद्दल बोललो. मुलीनं चहा आणला. मी कप खाली ठेवला आणि घरून पाठ करून आणलेलं बोलायला सुरुवात केली. म्हणाले, "मामा, तुम्हांला तो दिवस आठवतो का? डोकं मोजलं होतं तो?"

त्यांनी मला पुढं बोलू दिलं नाही. विचारलं, "बाई, ते खरं होतं का हो?"

"काय?"

"सर बोलले ते. हाड जाड अन् मेंदू कमी. ते खरं होतं का? मला कुणाला इचारता आलं नाय. सरांना काय इचारणार, अन् तुम्ही तर लिव्हलं होतं फळ्यावर. म्हटलं, दोघं शिकलेले. खोटं कशाला लिव्हतील?"

मी म्हणाले, "खोटं होतं, मामा. सगळं खोटं होतं. हाड कुणी मोजलंच नव्हतं. तुमचं माप सगळ्यांत मोठं होतं, आणि ते मोठं असो की लहान, त्यावरून काहीच ठरत नाही. तुम्ही जे म्हणायचे ना, सगळ्यांची आजी एक, तेवढंच खरं आहे. मला तेव्हाच ठाऊक होतं."

बाहेर मशीन थांबलेली होती.

"तवाच ठावं होतं?"

"हो."

"मग दुसऱ्या दिवशी सांगायचं होतं, बाई," मामा म्हणाले. आवाजात राग नव्हता. एखादी सोपी गोष्ट राहून गेली तर आपण म्हणतो तसं ते म्हणाले. "हौदावरच होतो मी."

मी माफी मागितली. त्यांनी हात हलवला, माफ केलं म्हणून की आता राहू दे म्हणून, ते मला कळलं नाही. मग म्हणाले, "मी रोज राती भिताडाकडं त्वांड करून पडायचो. वाटायचं, आपण उगंच लोकांना सांगत हिंडलो. पुस्तक आपल्या बाजूनं नव्हतंच. अन् पोरीला म्हटलं, बाय, आपलं काम नाय ते. सोड."

त्यानंतर ते थकले आणि त्यांनी डोळे मिटले. मी उठले.

मुलगी मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. तिनं सगळं ऐकलं होतं. रिक्षा येईना, म्हणून आम्ही एका पत्र्याच्या सावलीत उभ्या राहिलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, शिवणाचं काम बरं चालतं का. ती म्हणाली, बरं चालतं. मग म्हणाली, "मी महिनाभर भांडले होते त्यांच्याशी. जेवले नव्हते दोन दिवस. ते म्हणायचे, तुला नाही जमणार. का नाही जमणार, ते सांगायचे नाहीत. मला वाटायचं, तुम्ही लोकांनी त्यांना काहीतरी सांगितलं असेल माझ्याबद्दल. मी ढ आहे, असं काहीतरी."

"तू ढ नव्हतीस."

"मला कसं कळणार होतं?" ती म्हणाली. "तुम्ही त्यांची माफी मागितली, चांगलं केलं. मला तर कुणी काही विचारलंच नव्हतं, तेव्हाही आणि आत्ताही."

मी तिचीही माफी मागितली. रस्त्यावर, रिक्षाची वाट बघत. तिनं ऐकलं. "रिक्षा आली," म्हणाली, आणि हात करून तिनंच ती थांबवली.

मामा त्या वर्षीच गेले. मला दोन आठवड्यांनी कळलं. मी मुलीला भेटायला गेले तर घराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, मुलगी गंगापूरला लेकाकडं गेली. पत्ता तिला माहीत नव्हता.

पुढच्या जूनपासून मी उत्क्रांतीच्या पहिल्याच तासाला ही गोष्ट सांगायला लागले. सरांचं नाव न घेता, पण माझं घेऊन. आकडा मी वाचला, मी पुसला, मी वजा केला, असं. निवृत्त होईपर्यंत दरवर्षी सांगितली. एकदा एका मुलानं विचारलं, "मॅडम, हे परीक्षेला येतं का?" मी नाही म्हणाले. त्यानं पेनाचं टोपण लावलं. त्याच्या शेजारच्या मुलीनं मात्र लिहिणं चालू ठेवलं. काय लिहीत होती ते मी विचारलं नाही.